डोरीन लॅटिमरचा आवाज

रॉचडेल, इंग्लंड
४ मार्च १९९६

टब्स आडनावाच्या कुठल्याही गृहस्थांस किंवा बाईंस,

आपली ओळख नाही, तरी हे पत्र फेकून देण्याआधी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मी आठवडाभर बस चालवतो आणि रविवारी दुपारी आमच्या गावच्या सभागृहात गाणी लावतो. गाणी तुमच्याकडची, तीस वर्षांपूर्वीची, सोल म्हणतात ती. त्यांतलीही गाजलेली नव्हेत. जी तुमच्याकडे कुणी विकत घेतली नाहीत, धूळ खात पडली, तीच इथं लागतात. लोक त्यांवर जीव तोडून नाचतात आणि जो कुणालाच न सापडलेली रेकॉर्ड लावतो त्याला मान मिळतो.

तशी एक रेकॉर्ड नुकतीच माझ्या हाती आली. कंपनीचं नाव ‘सिल्व्हर मेपल’. गाणं ‘दार लोटून ठेवलंय’, गायिका ओरा ली, आणि खाली बारीक अक्षरांत गाणं लिहिणाऱ्याचं नाव, व्ही. टब्स. मधल्या गुळगुळीत कड्यावर जो आकडा कोरलेला असतो त्यावरून ती मिशिगनमध्ये छापली असावी. म्हणून वाचनालयात बसून मिशिगनमधल्या गावांच्या टेलिफोनच्या पुस्तकांतले सगळे टब्स उतरवले आणि प्रत्येकाला हे पत्र पाठवतोय.

आपल्या घरात कुणी व्ही. टब्स होते का?

आपला,
नेव्हिल क्रॉशॉ


सॅगिनॉ, मिशिगन
१९ मार्च १९९६

मिस्टर क्रॉशॉ,

होते कशाला, आहे! अजून ठणठणीत आहे! व्ही म्हणजे व्हर्डेल. मीच ती.

तुझं पत्र आलं कुठून सांगू? आमच्या गावात दुसरे टब्स आहेत, ते मयताचं सामान करणारे. टेलिफोनच्या पुस्तकात माझं नाव नाही, म्हणून पत्र त्यांच्याकडे गेलं. रविवारी चर्चच्या पायरीवर त्या म्हाताऱ्या टब्सनं मला गाठलं आणि गंभीर चेहरा करून खिशातून पाकीट काढलं. मी म्हटलं, “अहो, माझी वेळ झाली असेल तर तोंडी सांगा, आमंत्रण कशाला छापलंत?” तर म्हणे, “सिस्टर टब्स, इंग्लंडहून आलंय.” मी तिथंच उघडलं, तिथंच वाचलं आणि तिथंच अशी ओरडले की पास्टर बाहेर आले. त्यांना वाटलं मला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. झालाच होता म्हणा!

माझ्या चुका पोटात घाल. मी अर्कान्सासची. कापूस वेचायच्या दिवसांत आम्हाला शाळा नसायची आणि तिकडे कापूस बारमाही असल्यासारखाच. बोलते तसं लिहिते. इथं सगळे मला मिस व्हर्डेल म्हणतात, तूही म्हण. मिसेस टब्स ऐकलं की सासूबाई मागं उभ्या आहेत असं वाटतं.

तर गाण्याचं. माझ्या नवऱ्याचं, अँब्रोजचं, केस कापायचं दुकान होतं. त्याला एकाएकी वाटलं की आपण रेकॉर्डची कंपनी काढावी. दारात मेपलचं झाड होतं, त्याचं नाव दिलं. गाणं मी कपडे वाळत घालताना रचलं, आणि गायली माझी धाकटी बहीण, ओरा ली गेन्स. मी मागं दुसरा आवाज धरला. एका गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलं. ड्रम वाजवणारा ओतकामाच्या कारखान्यातून पाळी संपवून तसाच आला, बूट ठोकला की भुगा पडायचा. ओरा लीनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि एका दमात गायली. गाणं संपलं. मग तो ड्रमवाला म्हणाला, “बाई, माझी बायको मला सोडून गेली ते मला आत्ता कळलं.”

पण रेडिओवाल्यांनी लावलं नाही. अँब्रोज मोटारीच्या डिकीत घालून विकत फिरला. शेवटी उरलेल्या मी परसात टोमॅटोंवर टांगल्या. वाऱ्यानं फिरतात, उन्हात चकाकतात, पाखरं फिरकत नाहीत. फार गुणाची रेकॉर्ड होती! तुला हवी आहे का एखादी? रोपं लावायला काढीन तेव्हा बघते.

खरंच लोक नाचतात? इंग्लंडात? कोणते लोक?

तुझी,
मिस व्हर्डेल


रॉचडेल
२ एप्रिल १९९६

मिस व्हर्डेल,

टोमॅटोंचं मी तीनदा वाचलं. तुम्ही विनोद करताय असं दोन दिवस स्वतःला समजावलं. कृपा करून एकही रेकॉर्ड उन्हात टांगू नका, कुणाला देऊ नका आणि कुणी दारात विचारायला आलं तर नाही म्हणा. माझ्यासारखे हिंडणारे पुष्कळ आहेत. जुनी गोदामं, ज्यूकबॉक्सवाल्यांच्या गॅरेजा, मेलेल्या माणसांचे माळे. भाड्याची मोटार घेऊन सुट्टीभर धूळ खायची आणि हजार निरुपयोगी रेकॉर्डींतून एक उचलायची, असा आमचा धंदा. ऑक्टोबरात मी स्वतः येऊ शकेन.

कोण नाचतं म्हणून विचारलंत. गिरण्यांत, कारखान्यांत राबणारी माणसं. आता बऱ्याच गिरण्या बंद आहेत, माणसं मात्र येतात. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकतात, म्हणजे कातडी तळव्यांचे बूट घसरतात. जोडीनं नाचत नाहीत, एकेकटी नाचतात. गाण्यात ठरावीक जागा आली की अख्खं सभागृह एकदम एक टाळी वाजवतं. तुमच्या गाण्यात ती जागा आहे, जिथं तुमची बहीण श्वास घेते आणि मागून तुमचा आवाज येतो.

त्या कुठं असतात आता? अजून गातात का?

आपला,
नेव्हिल


सॅगिनॉ
२० एप्रिल १९९६

नेव्हिल बाळा,

ती टाळी! मी स्वयंपाकघरात ते गाणं म्हणून बघितलं, त्या जागेशी आले आणि ओट्यावर थाप मारली. मांजर पळालं. मग पुन्हा म्हटलं. दिवसभर घरात हेच चाललंय, जेवण करपलं तरी हसतेय वेड्यासारखी.

तळघरात शोधलं. एका वर्षी नदी घरात आली होती, त्यात खोकी भिजून लगदा झाला. टोमॅटोंवरच्या उन्हानं वाकड्या झालेल्या आहेत दोन. एक पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं झालीय. रडू नकोस.

ओरा लीचं विचारलंस. ती टोलेडोत असते, बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण ती माझ्याशी बोलत नाही. बारा वर्षं झाली.

सांगतेच आता. थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण होतं, चौऱ्याऐंशी सालातलं. माझ्याच घरी. टर्की, हिरव्या भाज्या, रताळ्याचा केक, सगळं मांडलेलं. ओरा लीचा मुलगा डेल्मर तेव्हा विमानदलात होता, तुमच्याच देशात. तोही रजेवर आलेला, सडपातळ, गणवेशात काय दिसत होता! जेवायला सुरुवात करणार इतक्यात मी आतून आईची बिडाची कढई आणली, मक्याचा पाव त्यातच भाजला होता. ओरा ली उठून उभी राहिली. म्हणाली, “चोरांच्या घरी मी जेवत नाही.” मी म्हटलं, “कोण चोर?” तर म्हणाली, “मला विचारतेस? जा तुझ्या त्या शिकागोवालीकडे!” आणि कोट घेऊन गेली.

आता बघ. आई गेली तेव्हा कढई कुणी घ्यायची यावरून आमची कुरबूर झाली होती. आणि शिकागोला माझी नणंद असते, तिला मी आईच्या दोन थाळ्या दिल्या होत्या. म्हणजे कढई आणि थाळ्या! त्यावरून मला चोर? मलाही राग आला. नंतर मी ती कढई पोस्टानं पाठवली तिला. बिडाची कढई, बाळा, पोस्टमननं शिव्या घातल्या. ती परत आली. वर तिच्या अक्षरात लिहिलेलं, ‘ही नको होती मला.’ अँब्रोज गेला तेव्हा फुलं आली तिची, ती आली नाही.

आता माझ्या डोक्यात एक आलंय. रात्रंदिवस तेच. तू एक कर. ते गाणं लावशील ना, तेव्हा हातात माईक घे आणि मोठ्यानं तिचं नाव सांग, ओरा ली गेन्स म्हणून. लोक टाळ्या वाजवतील, त्या सगळ्याची टेप कर आणि मला धाड. मी ती टोलेडोला पाठवीन. तिला वाटतं तिचा आवाज कुणालाच नको होता. ते ऐकलं की ती दार उघडील. नक्की उघडील. कढईनं जे झालं नाही ते यानं होईल.

आमचं वय आता वाट बघायचं राहिलं नाही. मनावर घे.

मिस व्हर्डेल

ता. क. डेल्मर तिकडे असताना नाचायला जायचा म्हणे. जग लहान असतं, तुला दिसलाही असेल.


सॅगिनॉ
८ जुलै १९९६

नेव्हिल,

टपालवाला दिसला की मी दारात. आता तो लांबूनच मान हलवतो. मी काही वेडंवाकडं लिहिलं का? टोमॅटोंचा राग असेल तर सांग, यंदा मी त्यांवर डब्यांची झाकणं टांगलीत.

की तुझी तब्येत बरी नाही? बस चालवणाऱ्याची पाठ जाते. मोहरीचा लेप लावावा.

ऑगस्टमध्ये ओरा लीचा वाढदिवस असतो. तोवर टेप आली असती तर बरं झालं असतं. बाकी काही नाही.

मिस व्हर्डेल


रॉचडेल
२१ जुलै १९९६

मिस व्हर्डेल,

पाठ बरी आहे. पत्र लिहायचं धैर्य नव्हतं. आता जे लिहितोय ते वाचून तुम्ही पुन्हा मला लिहिलं नाहीत तर ते योग्यच होईल.

ती रेकॉर्ड मला नुकतीच मिळाली असं पहिल्या पत्रात म्हणालो, ते खोटं. अठ्ठ्याहत्तर साली तुमच्या शेजारच्या फ्लिंटमधल्या एका ज्यूकबॉक्सवाल्याच्या गॅरेजात मिळाली. तेव्हापासून मी ती लावतोय आणि इथं ते गाणं गावोगाव माहीत आहे. पण तुमच्या बहिणीचं नाव कुणालाच माहीत नाही.

आमच्यात एक रीत आहे. कुणाकडेच नाही अशी रेकॉर्ड सापडली की दुसऱ्यांना ती शोधता येऊ नये म्हणून मधल्या कागदावर कोरा पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर गाण्याचं खोटं नाव, गायिकेचं खोटं नाव लिहायचं. बाकीचे त्या नावामागे धावत बसतात. सगळेच करतात, म्हणून त्यात काही वाईट आहे असं कधी वाटलं नाही. मी लिहिलं डोरीन लॅटिमर. डोरीन ही आमच्या कोपऱ्यावर तळलेले मासे विकणारी बाई आणि लॅटिमर हे समोरच्या रस्त्याचं नाव. कुणी विचारलं, कुठली? तर म्हणायचो, शिकागोची.

तुमचं एप्रिलचं पत्र वाचताना ‘शिकागोवाली’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाणं संपल्यावर एक सडपातळ अमेरिकन विमानदलातला मुलगा माझ्या टेबलापाशी आला. घामानं भिजलेला. म्हणाला, “साहेब, हे कोण गातंय? हा माझ्या आईचा आवाज आहे.” मला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी हेर, नाव काढून घ्यायला आलाय. मी हसलो. म्हटलं, “सगळ्यांच्या आया अशाच गातात, मित्रा.” तो हलेना. मग मी रेकॉर्ड उचलून त्याच्यासमोर धरली. “वाच. डोरीन लॅटिमर, शिकागो.” त्यानं ते दोनदा वाचलं. “पण गाणंसुद्धा मावशीचं आहे,” असं म्हणाला आणि गेला.

त्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल, हे मला आता कळतं. तुमच्या बहिणीला वाटलं असेल की तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी तिचा आवाज शिकागोतल्या कुणाला तरी विकला आणि वर दुसऱ्या बाईचं नाव घातलं. कढईचा काही संबंध नव्हता, मिस व्हर्डेल. चोर मी होतो.

एप्रिलमध्येच हे लिहायला हवं होतं. पण खरं नाव उच्चारलं की माझ्या हातातलं गाणं सगळ्यांचं होईल, आधी ऑक्टोबरात येऊन तुमच्या गावात कुठं एखादी धड प्रत उरली असेल तर ती हाती घ्यावी, असा विचार मी केला. तीन महिने केला. हेही तुम्हाला कळायला हवं.

सोबत रेकॉर्ड पाठवतोय. माहीत असलेली ही एकच धड प्रत. कागद तसाच आहे, माझ्या अक्षरातला. तो बघून त्यांना पटेल.

नेव्हिल क्रॉशॉ


सॅगिनॉ
३ सप्टेंबर १९९६

नेव्हिल क्रॉशॉ,

तुझं पत्र वाचलं आणि मी इस्त्री करायला घेतली. घरातले सगळे कपडे झाले. मग पडदे केले. मग फडकी केली. राग आला की मी इस्त्री करते. हा सगळा महिना आमच्या घरात एक सुरकुती नव्हती.

तुला जे बोलायचं ते मी मनात बोलून घेतलंय. कागदावर घालत नाही, पास्टर कधीकधी माझी पत्रं वाचतात.

मग म्हटलं, व्हर्डेल, इस्त्रीनं टोलेडो जवळ येत नाही. रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली, कढई पिशवीत घातली आणि बस धरली. शेजारी एक गलेलठ्ठ माणूस बसला होता, म्हणाला, “आजी, पिशवीत काय दगड आहेत?” मी म्हटलं, “बहीण आहे.” तो उठून मागं जाऊन बसला.

ओरा लीनंच दार उघडलं. केस पांढरेशुभ्र. मला बघितलं आणि बाजूला झाली. मी आत गेले, टेबलावर रेकॉर्ड ठेवली, तुझं पत्र ठेवलं. ती चष्मा लावून वाचत बसली. मी उभीच. मग ती बोलली.

आवाज नव्हता, बाळा. नुसती हवा. दरवाजाच्या फटीतून वारा यावा तशी. गळ्याशी हा एवढा व्रण. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, गाठ होती. सहा वर्षं. आणि मला ठाऊक नाही.

तशा आवाजात ती पहिलं काय म्हणाली असेल? “मासे विकणारी?”

मी म्हटलं, “हो. डोरीन.”

“बरी गायली हो मासेवाली.”

आणि आम्ही हसत सुटलो. तिचं हसणंही नुसती हवाच. हसता हसता मी रडायला लागले, तर म्हणाली, “पुरे. माझ्या टेबलक्लॉथवर नको.”

मला वाटलं झालं, मिटलं. मी म्हटलं, “बघ, सगळं त्या इंग्रजानं केलं.” तिनं चष्मा काढला. म्हणाली, “व्हर्डेल, इंग्रज मुलाशी खोटं बोलला. मुलानं मला सांगितलं, मी ते गिळलं. ते त्याचं आणि माझं. पण तू? तू कढई पाठवलीस. तू आली नाहीस. एकदाही येऊन विचारलं नाहीस की ओरा ली, मी काय चोरलं? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. त्याच दिवशी संपलं असतं. गाण्यात दार लोटून ठेवलंस आणि घरात कडी घालून बसलीस.”

मी म्हटलं, “तूही बसलीस.”

ती म्हणाली, “हो. आपण आईच्या मुली.”

मग तिला वाटलं, तुझा तो कागद काढून आपलं नाव बघावं. मी किटली ठेवली, वाफेवर धरलं. सावकाश, फार सावकाश. पण तुझा डिंक चांगला निघाला मेला. कागद सुटला तो खालचा कागद घेऊनच सुटला. मेपलचं पान थोडं राहिलं, बाकी पांढरं. तिचं नाव तुझ्या कागदाच्या पाठीला चिकटून आलं, उलटं, फाटकं.

तिनं तो कागद उलटा करून बघितला. मग खणातून पेन काढलं आणि त्या पांढऱ्या जागेवर स्वतः लिहिलं, ओरा ली गेन्स. खाली माझं लिहिलं. आमच्या दोघींचं अक्षर सारखंच, कोंबडीच्या पायांचं.

रेकॉर्ड परत पाठवतेय. आमच्याकडे लावायला यंत्र नाही आणि टोमॅटो संपत आले. ओरा लीचा निरोप: एकदा नाव मोठ्यानं घे. बाकी तिला तुझ्याकडून काही नको.

व्हर्डेल टब्स


रॉचडेल
१ ऑक्टोबर १९९६

मिस व्हर्डेल,

टेप सोबत आहे. परवाच्या रविवारी दुपारी केली.

आमच्यात रेकॉर्डवर पेनाचा ठिपका जरी असला तरी लोक नाक मुरडतात. मी ती उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणालो, अठरा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. डोरीन लॅटिमर नावाची कुणी गायिका नाही. ही ओरा ली गेन्स, मागचा आवाज आणि गाणं व्हर्डेल टब्स, सॅगिनॉ, मिशिगन. मग मी सुई ठेवली. पहिल्या ठोक्याला जमीन भरली. त्या जागेशी टाळी पडली, टेपवर ऐकू येईल. गाणं संपल्यावर बराच वेळ टाळ्या वाजत होत्या, त्याही आहेत.

टाळ्यांनंतर एक आवाज येईल, तो पुसून टाकणार होतो, पण आता काही पुसायचं नाही असं ठरवलंय. तो फ्रँक, पहिल्यापासून येणारा, टक्कल पडलेला माणूस. माझ्यापाशी येऊन म्हणतो, “नेव्ह, हरामखोरा, मी माझ्या मुलीचं नाव डोरीन ठेवलंय.”

दुसऱ्याच दिवसापासून इतरांची चौकशी सुरू झाली. तुमच्याकडे पत्रं येतील. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. मी ऑक्टोबरात येणार होतो, पण बोलावल्याशिवाय येणार नाही.

नेव्हिल


सॅगिनॉ
२९ नोव्हेंबर १९९६

नेव्हिल बाळा,

काल थँक्सगिव्हिंग झालं. ओरा ली आली होती. डेल्मर घेऊन आला, आता पोट सुटलंय त्याचं, विमानात मावायचा नाही. मी आतून कढई आणली. ओरा ली त्या हवेच्या आवाजात म्हणाली, “आण इकडे, चोरटे,” आणि मक्याच्या पावाचा कडेचा कुरकुरीत तुकडा उचलला. तो लहानपणापासून माझा असायचा. मी घेऊ दिला.

जेवणानंतर टेप लावली. तू नाव घेतलंस तेव्हा डेल्मर उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. “मी तेव्हा ओळखलं होतं, आई,” म्हणाला. “मी ओळखलं होतं आणि मग त्या कागदावर विश्वास ठेवला.” ती म्हणाली, “बस खाली. कागदावर सगळेच ठेवतात.”

ओरा ली शांतपणे ऐकत होती. गाण्याकडे नव्हतं तिचं लक्ष, गाणं तिला पाठच आहे. ती बूट ऐकत होती. जमिनीवर घासणारे ते तुझे सगळे बूट. टाळी पडली तशी तिनं बोट उचललं, जसं काही तीच त्यांना खूण देतेय. फ्रँकचं ऐकून खूप हसली. म्हणाली, त्या मुलीला कळव, नाव चांगलं आहे, बदलू नको. मग म्हणाली, पुन्हा लाव. आम्ही ती टेप इतकी लावली की केक संपला, कॉफी संपली, मुलं कंटाळून निघून गेली.

मी तुला सांगत होते ना, टेप ऐकली की ती दार उघडील. दार तर टेपच्या आधीच उघडलं. नुसतं जायचं होतं.

नंतर आम्ही दोघी भांडी घासत होतो. ती पुसत होती, मी विसळत होते. ती मध्येच गुणगुणायला लागली. तेवढंच जमतं तिला आता, घशातल्या घशात, खालच्या पट्टीत. मी कान दिला. ती स्वतःचं गात नव्हती. माझं गात होती, मागचं. आणि वरची जागा मोकळी सोडून माझ्याकडे बघत होती.

मला तिचं म्हणावं लागलं. कधी म्हटलं नव्हतं, बाळा. माझा आवाज तिथवर जातच नाही. फाटला, घसरला, श्वासाच्या जागेशी थांबला. तिनं ओल्या हातानं ओट्यावर थाप मारली. मांजर पळालं.

ती म्हणाली, “वाईट गातेस.” मी म्हटलं, “माहीत आहे.” म्हणाली, “पुन्हा म्हण.”

तर ये तू, वसंतात ये. ओरा लीनं हो म्हटलंय, मान जेमतेम हलवली, पण तिची तेवढीच हलते. बाकीच्या तुझ्या लोकांची पत्रं खोकं भरून आलीत, बसून वाचू. आणि ती रेकॉर्ड नीट जप. तो आवाज आता दुसरीकडे कुठंच नाही. वर काही चिकटवू नकोस.

तुझी,
मिस व्हर्डेल